परसातला अमेरिकन बंब: बसवण्याआधी काय तपासायचं आणि शेजारचा धूर घरात आला तर काय करायचं

आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे न्यूयॉर्क राज्यात आले तेव्हा घराच्या मागे उभी असलेली हिरव्या पत्र्याची खोली बघून आईने विचारलं, "अरे, हे काय? संडास?" मी जाड लोखंडी दार उघडून आतले निखारे दाखवले. आत जळणारी लाकडं, भोवती पाण्याचं कवच, वर धुराडं. आई हसायला लागली. "हा तर आपला बंबच की रे! एवढा मोठा कशाला?"

तिचं बरोबरच होतं. तांब्याच्या बंबात मधे नळी, नळीत निखारे आणि भोवती पाणी असतं. इथेही तेच, फक्त भट्टीत अख्खे ओंडके मावतात, कवचात शेकडो लिटर पाणी असतं आणि ते गरम पाणी पंपाने जमिनीखालच्या नळ्यांतून घरात जाऊन सगळं घर तापवतं. इंग्रजीत याला आउटडोअर वुड बॉयलर म्हणतात, कायद्याच्या भाषेत आउटडोअर हायड्रॉनिक हीटर, आणि गावातले लोक नुसतं फर्नेस म्हणतात. मी इथे बंबच म्हणणार आहे.

एडिसन किंवा जर्सी सिटीसारख्या शहरी वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाचा याच्याशी संबंध येत नाही. पण गेल्या काही वर्षांत आपली बरीच मंडळी घरून काम करता येतं म्हणून पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कचा वरचा भाग, कनेटिकट, व्हर्मॉन्ट अशा ठिकाणी दोन-पाच एकर घेऊन राहायला लागली. घर तापवायच्या तेलाचं बिल आलं की पहिल्याच हिवाळ्यात मनात येतं, लाकूड तर आपल्याच रानात पडलंय. किंवा घराबरोबर जुना बंब आयता मिळतो, तसा आम्हाला मिळाला. किंवा बंब शेजाऱ्याचा असतो आणि धूर तुमच्या मुलीच्या खोलीत येतो. तिन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हे लिहितोय. मी वकील नाही. पण टाउनच्या कचेरीत बराच वेळ काढलाय, एक चूक स्वतः केलीय आणि एक तक्रार अंगावर घेतलीय.

आधी धूर समजून घ्या

नियम कशासाठी आहेत हे कळलं नाही तर ते नुसते जाचक वाटतात.

आपला बंब सकाळी अर्धा-पाऊण तास जळायचा. ढलप्या, नारळाच्या करवंट्या, भरपूर हवा, मोकळा जाळ. आंघोळी झाल्या की काम संपलं. अमेरिकन बंब चोवीस तास चालू असतो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅट हवेची झडप बंद करतो. जाळ विझत नाही, गुदमरतो. भट्टीत भरलेली लाकडं तासन्‌तास धुमसतात. पाणी निवलं की झडप उघडते, पुन्हा जाळ, पुन्हा झडप बंद. त्यात भट्टीच्या भिंतींमागे पाणी असल्याने त्या तुलनेने थंड राहतात, म्हणजे धुरातले वायू पूर्ण जळायच्या आत निवतात. धुराडं आखूड. बाहेर पडणारा धूर कोमट. असा धूर वर चढत नाही. वारा पडलेल्या थंड सकाळी, वर उबदार आणि खाली गार हवेचा थर असताना, तो उतारावरून पाण्यासारखा वाहत खालच्या घराकडे जातो.

ही सगळी कथा जुन्या बांधणीच्या बंबांची. नव्या प्रमाणित बंबात धुरातले वायू वेगळ्या कप्प्यात पुन्हा जाळतात, त्यामुळे फरक खूप पडतो. पण त्यातही ओलं लाकूड घातलं तर तो जुन्याच्या वळणावर जातो.

नियम कुणाचा? चार थर

इथे बहुतेक लोक चुकतात. विक्रेता सांगतो, "हे मॉडेल ईपीएने मान्य केलंय," आणि गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. ईपीए म्हणजे केंद्र सरकारची पर्यावरण यंत्रणा. तिचा २०१५ चा नियम कारखानदाराला आणि विक्रेत्याला बांधतो: कसा बंब बनवायचा, कोणता विकायचा. तो तुमच्या परसात कुठे ठेवायचा, किती उंच धुराडं लावायचं, याबद्दल वॉशिंग्टन काही सांगत नाही. आधीच बसवलेले जुने बंबही तो काढायला लावत नाही.

दुसरा थर राज्याचा. अंतर, धुराडं, जळण हे बहुधा इथे ठरतं. व्हर्मॉन्टने १९९७ मध्येच नियम केला: बंब शेजारच्या घरापासून २०० फूट दूर हवा आणि ५०० फुटांच्या आत घर असेल तर धुराडं, बंब ज्या घराला तापवतो त्याच्या छपराच्या वर गेलं पाहिजे. कनेटिकटने २००५ मध्ये जवळपास तसाच कायदा केला, दिवसागणिक दंडासह. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने या बंबांवर अहवाल काढला आणि ईशान्येकडची राज्यं हलायला लागली. २००७ मध्ये त्या राज्यांच्या संयुक्त संस्थेने नमुना नियम तयार करून दिला. मॅसॅच्युसेट्सचा नियम २००८ च्या अखेरीस आला, पेनसिल्व्हेनियाचा ऑक्टोबर २०१० मध्ये, न्यूयॉर्कचा २०११ मध्ये. केंद्राचा नियम यायला त्यानंतर आणखी चार वर्षं गेली. म्हणजे हा कायदा खालून वर गेलाय, आणि अजूनही खरी सत्ता खालीच आहे.

तिसरा थर टाउनचा किंवा व्हिलेजचा. आपल्या ग्रामपंचायतीसारखा, पण हातात बांधकामाचे आणि झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते ठरवण्याचे, पुरेपूर अधिकार असलेला. न्यूयॉर्कमध्ये टाउन राज्यापेक्षा कडक नियम करू शकतं, सरसकट बंदीही घालू शकतं. कनेटिकटमधल्या अनेक गावांनी तशी बंदी घातलेली आहे. काही ठिकाणी किमान तीन किंवा पाच एकरांची अट असते, काही ठिकाणी फक्त हिवाळ्याचे महिने मोकळे असतात, काही ठिकाणी दरवर्षी परवाना नव्याने काढावा लागतो.

चौथा थर कागदोपत्री सरकारी नाही पण चटका त्याचाच सगळ्यात जास्त: सोसायटीचे नियम, म्हणजे एचओए. घर घेताना सही केलेल्या जाड गठ्ठ्यात "बाहेर इंधन जाळणारी उपकरणं चालणार नाहीत" अशी एक ओळ असते. ती असेल तर बाकी तिन्ही परवानग्या असून उपयोग नाही.

चारांपैकी सगळ्यात कडक नियम, तो तुमचा.

पायरी १: तुमचं टाउन कोणतं ते नक्की करा

हसू नका. पत्त्यात लिहिलेलं गाव हे पोस्टाचं गाव असतं. आमच्या पत्त्यात एक नाव, आणि घर प्रत्यक्षात शेजारच्या टाउनच्या हद्दीत. न्यूयॉर्कमध्ये तर टाउनच्या पोटात व्हिलेज असतं आणि व्हिलेजचं झोनिंग वेगळं. मालमत्ता कराचं बिल काढा. त्यावर ज्या टाउनचं किंवा व्हिलेजचं नाव आहे, त्याचाच कायदा तुम्हाला लागू. मी पहिले दोन आठवडे चुकीच्या टाउनचा कायदा वाचत होतो आणि खूश होतो.

पायरी २: कायदा स्वतः वाचा, आणि व्याख्येपासून वाचा

बहुतेक टाउनचे कायदे आता ऑनलाइन असतात, अनेकांचे ई-कोड ३६० नावाच्या साइटवर. शोधताना एकाच नावावर थांबू नका. आउटडोअर वुड बॉयलर, आउटडोअर फर्नेस, हायड्रॉनिक हीटर, सॉलिड फ्युएल बर्निंग डिव्हाइस, सगळी नावं टाकून बघा. काही मिळालं नाही तर झोनिंगच्या प्रकरणात ॲक्सेसरी स्ट्रक्चर, म्हणजे मुख्य घराशिवायची बांधकामं, हा भाग उघडा. बंबाचा उल्लेख तिथे लपलेला असू शकतो.

व्याख्येत एक गोष्ट बघायची: कायदा फक्त इमारतीबाहेरच्या बंबाला लागतो की शेडमध्ये ठेवलेल्यालाही? "शेड बांधा, आत ठेवा, मग नियम लागत नाही" असा सल्ला आमच्या भागात सर्रास मिळतो. राहत्या घराबाहेरच्या इमारतीत बसवण्यासाठी बनवलेला बंबही पुष्कळ व्याख्यांमध्ये येतो. सल्ला देणारा दंड भरायला येत नाही.

साइटवरची प्रत जुनी असू शकते. म्हणून टाउन क्लार्कला एक ईमेल करा: या विषयावर अलीकडे काही नवा कायदा मंजूर झालाय का, किंवा मोरेटोरियम चालू आहे का? मोरेटोरियम म्हणजे नवा कायदा लिहून होईपर्यंत सगळे परवाने थांबवणं. उत्तर लेखीच मागा. फोनवरचं "हो, चालेल" पुढच्या अधिकाऱ्याला आठवत नाही.

पायरी ३: टेप घेऊन बाहेर पडा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देईन, कारण निम्मे बेत इथेच संपतात आणि इथेच संपलेले बरे.

पुण्यात बिल्डर ज्याला साइड मार्जिन म्हणतो, त्याला इथे सेटबॅक म्हणतात. प्रश्न असा की अंतर कशापासून मोजायचं? काही राज्यं शेजारच्या घरापासून मोजतात, काही तुमच्या हद्दीपासून. फरक मोठा आहे. कनेटिकटमध्ये शेजारच्या घरापासून २०० फूट. न्यूयॉर्कमध्ये घरगुती आकाराच्या नव्या बंबाला जवळच्या हद्दीपासून १०० फूट. शेतजमिनीवर असेल तर जवळच्या परक्या घरापासून १०० फूट. पेनसिल्व्हेनियाने २०१० च्या नियमात हद्दीपासून १५० फूट धरले.

आता हिशोब करा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. अगदी चौकोनी प्लॉट धरला तर एक बाजू सुमारे २०९ फूट. चारही बाजूंनी १०० फूट सोडले की मधे उरतो नऊ फूट बाय नऊ फुटांचा तुकडा, आणि तिथे तुमचा दिवाणखाना असतो. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एक एकरवाल्याने विषयच सोडावा. १५० फुटांच्या नियमाला चौकोनी प्लॉटची बाजू ३०० फुटांहून जास्त हवी, म्हणजे दोन एकरांच्या वर. आणि प्लॉट चौकोनी कधीच नसतो. रस्त्याकडे अरुंद, मागे लांब अशा पट्ट्यात चार एकर असूनही जागा सापडत नाही.

हद्द कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. "त्या मेपलपर्यंत आपलं" हे विकणाऱ्याचं बोलणं, आणि जुनी दगडी भिंत हीच हद्द असते असंही नाही. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात. इथे वकिलाची बिलं फुटतात. घर घेताना मिळालेला सर्व्हे, म्हणजे मोजणीचा नकाशा काढा, कोपऱ्यात ठोकलेल्या लोखंडी खुणा शोधा. नकाशा नसेल तर सर्व्हेअर बोलवा. खर्च बोचतो, पण काँक्रीटचा चौथरा आठ फूट सरकवण्याहून तो कमीच.

मोजताना चढ-उतारही लिहून ठेवा. कायदा आडवं अंतर बघतो, धूर उतार बघतो. शेजारचं घर तुमच्या खालच्या अंगाला असेल तर कायद्याने चालणारी जागासुद्धा प्रत्यक्षात चालेलच असं नाही. थंड, शांत सकाळी ठरवलेल्या जागी उभं राहून एक उदबत्ती लावा. धूर कुठे जातो ते दहा मिनिटं बघा. मी हे बंब आल्यानंतर केलं. आधी करायला हवं होतं.

पायरी ४: धुराडं

न्यूयॉर्कच्या नियमात नव्या बंबाचं धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट. पेनसिल्व्हेनियात १०. कनेटिकटमध्ये ५०० फुटांच्या आतल्या घरांच्या छपरांपेक्षा उंच. कारखान्यातून बंबाबरोबर येणारं धुराडं बहुधा यापेक्षा आखूड असतं, वरचे तुकडे वेगळे विकत घ्यावे लागतात. कोटेशनमध्ये ते धरलेत का ते बघा. उंच धुराड्याला ताण द्यायला तारा लागतात, नाहीतर पहिल्याच वादळात आडवं होतं. उंची वाढली की आत डांबरासारखी काजळीही जास्त साचते, म्हणजे सफाई जास्त वेळा.

पायरी ५: बंबावरची पट्टी

१५ मे २०२० पासून विकला जाणारा नवा घरगुती बंब केंद्राच्या दुसऱ्या टप्प्याच्या मर्यादेत बसला पाहिजे: दर दहा लाख बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णतेमागे धुरातले कण ०.१० पौंड, किंवा ओंडक्यांवर चाचणी झाली असेल तर ०.१५. आधीच्या टप्प्यात हाच आकडा ०.३२ होता. बंबाच्या अंगावर कायमची धातूची पट्टी असते, तिच्यावर हे छापलेलं असतं. मॉडेलचा नंबर ईपीएच्या यादीत जुळवून बघा.

वापरलेला बंब स्वस्तात घेण्याचा मोह होतो. "दहा वर्षं चाललाय, अजून दहा चालेल." चालेलही. पण अनेक ठिकाणी जुना बंब नव्या जागी बसवला की कायद्याच्या लेखी तो नवाच, आणि नव्याचे सगळे नियम त्याला लागतात. पट्टी नसलेला बंब घेतला तर घरी आणलेलं ते भंगार समजा.

विक्रेता अजून केंद्राच्या ३० टक्के करसवलतीचं सांगत असेल तर थांबवा. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्याला ती मिळत नाही.

पायरी ६: परवाना, मग खड्डा. उलटं नाही

क्रम असा ठेवा. नकाशावर बंबाची जागा, हद्दीपर्यंतची आणि शेजारच्या घरांपर्यंतची अंतरं, धुराड्याची उंची लिहून कोड एन्फोर्समेंट ऑफिसरला भेटा. हा माणूस ग्रामसेवक आणि बांधकाम खात्याचा इंजिनियर यांचं मिश्रण असतो. लहान टाउनमध्ये तो आठवड्यातून दोनच संध्याकाळी बसतो. अर्जाबरोबर कारखान्याची बसवण्याची पुस्तिका जोडा. विजेचा परवाना वेगळा लागतो का ते विचारा, पंप आणि पंखा विजेवरच चालतात. घराच्या विमा कंपनीला लेखी कळवा. काही कंपन्यांना आग घराबाहेर असलेली आवडते, काहींना बंब अजिबात नको असतो.

परवाना हातात आला की खणण्याआधी ८११ ला फोन. गॅस, वीज, केबलवाले येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात, फुकट. नळ्यांची चर खोल लागते. आणि नळ्यांच्या आवरणात कंजुषी करू नका. चरीच्या वरचं बर्फ आपोआप वितळत असेल तर तुम्ही अंगण तापवताय.

अंतर थोडक्यात कमी पडत असेल तर झोनिंग बोर्डाकडे सवलत मागता येते, तिला व्हेरियन्स म्हणतात. सुनावणी होते, शेजाऱ्यांना नोटिसा जातात. हे फक्त टाउनच्या नियमापुरतं. राज्याने ठरवलेलं अंतर टाउनचा बोर्ड माफ करू शकत नाही.

पायरी ७: सरपण

न्यूयॉर्कच्या नियमात जळण म्हणजे स्वच्छ लाकूड किंवा लाकडाच्या गोळ्या. कचरा, प्लास्टिक, टायर, रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड, प्लायवुड काही चालत नाही. नव्या-जुन्या सगळ्या बंबांना हे लागू. पेटवायला वर्तमानपत्राचा कागद चालतो. ॲमेझॉनच्या खोक्यांची विल्हेवाट लावायची ही जागा नव्हे, कितीही सोयीची वाटली तरी.

लाकूड फोडून, वर झाकून, बाजूंनी उघडं ठेवून निदान सहा महिने वाळवायचं. ओकला वर्ष-दोन वर्षंही लागतात. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतो, पण त्याच्या पिना ओंडक्याच्या टोकाला खुपसू नका. ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला मोजा. माझे बाबा मीटर हातात घ्यायलाच तयार नव्हते. त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर आपटले. खण्ण असा आवाज आला तो ढीग उजवीकडे, थप्प आला तो डावीकडे. मग मी मीटरने तपासलं. डाव्या ढिगातले सगळे ३० च्या वर निघाले.

विकत घेताना कॉर्डमध्ये घ्या: चार बाय चार बाय आठ फूट, नीट रचलेलं, १२८ घनफूट. ट्रकमधून ओतलेला ढीग बघून पैसे देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये आणखी एक नियम आहे, तो लोकांना माहीत नसतो: उष्णतेची प्रक्रिया न केलेलं सरपण तोडलेल्या जागेपासून ५० मैलांपलीकडे न्यायला बंदी, आणि दुसऱ्या राज्यातून आणायलाही बंदी. कारण किडा, ॲश झाडं पोखरणारा. पेनसिल्व्हेनियातल्या मित्राच्या रानातून ट्रेलर भरून आणणं म्हणजे सरळ गुन्हा.

पायरी ८: सगळं नियमात असूनही

आता माझी चूक. आमचा बंब २००४ चा, म्हणजे २०११ च्या नियमाआधीचा. टाउनच्या अधिकाऱ्याने सांगितलं की आधीपासून असलेल्याला अंतराचा नियम लागत नाही. मी निर्धास्त झालो आणि पहिल्या हिवाळ्यात रानातलं नुकतंच पडलेलं लाकूड भरलं.

जानेवारीतल्या एका सकाळी, सहा वाजायच्या सुमाराला, खालच्या घरातल्या आजीबाई सपाता आणि कोट घालून बर्फातून वर आल्या. त्यांच्या घरातला स्मोक अलार्म वाजत होता. घरात काही जळत नव्हतं. मी खिडकीतून बघितलं तर आमच्या बंबाचा धूर पांढऱ्या पट्ट्यासारखा उतारावरून थेट त्यांच्या पोर्चपर्यंत गेला होता.

त्या दिवशी मी नियम पुन्हा, शेवटपर्यंत वाचला. न्यूयॉर्कच्या नियमात उपद्रवाचं कलम आहे आणि ते जुन्या बंबांनाही लागू आहे. उदाहरणं दिलेलीच आहेत: दुसऱ्याच्या घरातला स्मोक अलार्म वाजणं, सार्वजनिक रस्त्यावर दिसेनासं होणं, दिसणारा धूर शेजारच्या जागेतल्या इमारतीला जाऊन भिडणं. माझ्याकडून तीनपैकी दोन एका सकाळीच झाले होते. जुनेपणाची सूट अंतरापुरती असते, धुराला नसते. न्यू जर्सीत तर मोजमाप आणखी सरळ: कोणत्याही ३० मिनिटांत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिसणारा धूर चालत नाही.

जुन्याची सूट जाऊही शकते. अनेक झोनिंग कायद्यांत वर्षभर वापर बंद राहिला किंवा बंब बदलला की ती संपते. बंबासकट घर घेत असाल तर बसवल्याचं वर्ष, परवाना आणि सलग वापर यांचे कागद विकणाऱ्याकडून सौदा होण्याआधी घ्या.

धूर तुमच्याकडे येत असेल तर

आधी जाऊन बोला. उपदेश नको, नुसतं दाखवा. पुष्कळांना आपला धूर कुठे जातो हे खरंच माहीत नसतं, कारण तो त्यांच्या घराच्या उलट बाजूला जातो. लाकूड ओलं असणं आणि धुराडं आखूड असणं, या दोन गोष्टी सुधारता येतात. आजीबाई माझ्याकडे आधी आल्या, टाउनकडे नाही, म्हणून मी आजही त्यांच्या तोंडाकडे बघू शकतो.

बोलून भागलं नाही तर नोंदींची वही ठेवा. आजीबाईंनी ती ठेवलेलीच होती, मला नंतर कळलं. शाळेची रेघी वही. तारीख, वेळ, वारा कुठून, वास घरात आला की बाहेरच, किती वेळ टिकला, कुणाला खोकला झाला. सोबत मोजके फोटो, एकाच ठिकाणाहून काढलेले, मागे तेच झाड दिसणारे. "रोज धूर येतो" या वाक्याची अधिकाऱ्यापुढे किंमत शून्य. "१४ नोंदी, पैकी ११ सकाळी पाच ते आठ, वारा पडलेला" याला आहे.

घराबाहेर लावायचे छोटे हवामापक मिळतात. त्यांचा आकडा कोर्टात निर्णायक नसतो, पण धूर येण्याची वेळ आणि आकड्यातली उडी जुळली की वहीला वजन येतं. तुलनेसाठी: सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, अमेरिकेतली २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ३५ मायक्रोग्रॅम आहे आणि वर्षाची २०२४ पासून ९.

मग टाउनच्या कोड ऑफिसरकडे लेखी तक्रार, कलमाच्या क्रमांकासह. तो हलला नाही तर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, आरोग्य खातं आणि राज्याचं पर्यावरण खातं. मॅसॅच्युसेट्समध्ये असाल तर थेट गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे जा, तिथे त्यांच्या हातात बरंच असतं. धुराची घनता, म्हणजे धुरामागचं किती झाकलं जातं ते, डोळ्याने मोजणारे प्रशिक्षित लोक असतात, दर पंधरा सेकंदांनी नोंद करत. त्यांना दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते. अशा नियमांत २० टक्के घनतेचा आकडा नेहमी येतो. अशा माणसाला तुमच्या वहीतल्या वेळेला बोलवा, दुपारी दोनला येऊन काय दिसणार?

न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक काउंटीसाठी सामोपचार केंद्र आहे, कोर्टात जाण्याआधी तिथे बसून बोलता येतं. उपद्रवाचा दिवाणी दावा हा शेवटचा रस्ता, लांब आणि महाग.

मी धुराडं १८ फुटांवर नेलं, दोन वर्षं वाळलेलं लाकूडच जाळलं. धूर खूप कमी झाला. पण वारा पडलेल्या सकाळी जायचाच. तिसऱ्या उन्हाळ्यात बंब कापून भंगारात दिला आणि घरात लाकडाच्या गोळ्यांची शेगडी आणली. आजीबाईंनी मात्र वही बंद केलेली नाही. खालच्या वळणावर आणखी एक बंब आहे, त्याचा धूर वारा बदलला की आम्हा दोघांकडे येतो. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून सकाळच्या नोंदी मी लिहितो.